जाऊबाईंचं पुढचं चाक

खडकवासल्याच्या धरणाजवळ रस्त्याकडेच्या गटारावर टाकलेल्या लोखंडी जाळीत माझ्या जाऊबाईंच्या सायकलचं पुढचं चाक अडकलं आणि त्या हँडलवरून पुढे फेकल्या गेल्या. मी त्यांच्या मागेच होते. ब्रेक दाबून थांबले. त्या उठून बसल्याचं दिसलं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता माझाही दिवस गेला.

त्यांना फार लागलं नव्हतं. कोपर खरचटलं होतं, हातमोजा फाटला होता. चाकाची मात्र दशा झाली होती. रीम एका बाजूने आत दबली होती, तुटलेल्या तारा लोंबत होत्या, आणि चाक फिरवलं की ते अर्ध्यात घासून थांबत होतं.

"तू आवाज द्यायचा होता," त्या म्हणाल्या.

"मला जाळी दिसली नाही. पुढे तुम्ही होतात."

"मागच्याला सगळं दिसते."

आम्ही नागपूरच्या दहा-बारा बायका महाडला निघालो होतो, चवदार तळ्यापर्यंत, सायकलने. कुणी शिक्षिका, कुणी नर्स, मी सरकारी कार्यालयात. सगळ्या बौद्ध घरांतल्या. महाडचं नाव आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. बसने जाऊन आलेल्या बऱ्याच होत्या, पण एवढं अंतर पायांनी कापून तिथे पोचायचं, ही कल्पना आमच्या गटप्रमुखांची. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. आम्ही सगळ्या त्यांना मॅडम म्हणायचो आणि त्यांच्यासमोर थोड्या सरळ बसायचो.

जाऊबाई माझ्याहून बऱ्याच मोठ्या. एकाच घरात त्या खाली राहतात, आम्ही वर. टाकीत पाणी कधी चढवायचं, गच्चीवरची कुठली दोरी कुणाची, पाहुणे आले की चहा कुणाकडे, अशा गोष्टींवरून आमचं बोलणं बंद व्हायचं, सणाला सुरू व्हायचं, पुन्हा बंद व्हायचं. सायकलचा गट हे माझं स्वतःचं असं एकच ठिकाण होतं. तिथे मी कुणाची सून नव्हते, कुणाची जाऊ नव्हते. एके दिवशी सकाळी मी खाली उतरले तर त्या ट्रॅकसूट घालून फाटकाशी उभ्या. "मीपण येते," म्हणाल्या. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. पुढे आमच्या नवऱ्यांनी, दोन्ही भावांनी, आमच्यासाठी नव्या सायकली घेतल्या, एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या. का, तर घरात वाद नको.

धरणाजवळ सगळा गट थांबला. मॅडमनी चाक पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि निकाल दिला. "गटातल्या कुणालाही एकटं सोडायचं नाही. तुम्ही दोघी घरच्याच आहात. शहरात जा, चाक करून घ्या आणि संध्याकाळपर्यंत भोरला या. आम्ही पुढे होतो."

घरच्याच. सामानाची गाडी गटाबरोबर पुढे गेली आणि आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो, एक धड सायकल आणि एक मोडकी घेऊन.

वाळू टाकून परत निघालेला एक टेम्पो थांबला. "मागं जागा हाय," ड्रायव्हर म्हणाला, "पन धरून बसा. पडलात तर मी जबाबदार न्हाई." जाऊबाई कोपर धरून पुढे त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. मी मागे, ओल्या वाळूत, दोन्ही सायकलींना हात लावून. सिंहगड रस्त्यावर त्या दिवशी पाऊल टाकायला जागा नव्हती. मागचा मोटारवाला माझ्या तोंडावर हॉर्न वाजवत होता, जणू टेम्पो मीच चालवत होते.

पहिल्या शोरूममधला मुलगा फार गोड होता. "मॅम, ॲक्चुअली डिस्क ब्रेकचं हे व्हील सेपरेट स्टॉकमध्ये नसतं. ऑर्डर टाकावी लागेल. तीन-चार दिवस."

"आम्हाला आज जायचंय."

"मग सॉरी, मॅम." त्याने आमच्यासाठी दारसुद्धा उघडून धरलं. दुसऱ्या दुकानात हेच उत्तर मॅम न म्हणता मिळालं. तिथेच कुणीतरी सांगितलं, कसबा पेठेत एक जण वाकलेल्या रीमा सरळ करतात, त्यांना दाखवा.

गल्ली इतकी अरुंद होती की आम्हाला एकीमागे एक चालावं लागलं. जाऊबाई पुढे, त्यांच्या सायकलचं पुढचं टोक उचलून धरलेलं. मदत करू का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं. दुकान म्हणजे एक पायरी चढून खोलीभर जागा, छताला टांगलेल्या सायकली, आणि पायरीवर बसलेले साठीचे मालक.

"काय झालं?" त्यांनी चाकाकडे न बघता विचारलं.

"जाळीत अडकलं," मी म्हणाले.

"जाळीत कशाला घातलं?"

"हौस म्हणून," जाऊबाई म्हणाल्या.

तेव्हा त्यांनी मान वर केली. चाक हातात घेतलं, फिरवलं, रीमवरून अंगठा नेला. "चीर गेलीय. आउट काढून सरळ केलं तरी उतारावर दगा देईल. मी काढून देणार नाही."

"नवीन रीम टाका मग."

"या मापाची नाहीये. मागवावी लागेल. दोन-तीन दिवस."

"आम्हाला आज भोरला पोचायचंय," मी म्हणाले. "तिथून उद्या महाड. नागपूरहून आलोय आम्ही."

"नागपूरहून महाडला. सायकलवर." त्यांनी प्रत्येक शब्द वेगळा उच्चारला. "काय आहे काय एवढं महाडला?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं, की माहीत असून विचारत होते, मला कळलं नाही. अशा प्रश्नात नेमकं काय आहे हे ऐकायची सवय आम्हाला लहानपणापासून असते, आणि तरी कधी कधी कळत नाही.

"पाणी आहे," जाऊबाई म्हणाल्या.

मालक हात पुसत म्हणाले, "ठेवा इकडे." मला राग आला तो याचा, की हे उत्तर मला सुचलं नव्हतं.

दोन्ही सायकली भिंतीला लावल्यावर त्यांनी आळीपाळीने दोन्हींकडे पाहिलं. "सारख्याच आहेत की. एकीचं चाक दुसरीला बसेल. एक जण पुढे जा, एक जण घरी जा." एवढं सहज बोलून ते आत चहा घ्यायला गेले.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

"मी खायला काहीतरी आणते," मी म्हणाले. भूक होती, पण खरं म्हणजे मला तिथून दूर व्हायचं होतं. मंडईपर्यंत चालत जाता जाता मी मनात सगळं ठरवून टाकलं. माझी सायकल धड आहे, तेव्हा मी जाणार. जाऊबाईंना रिक्षात बसवून स्टेशनवर पाठवायचं, नागपूरची गाडी बघून द्यायची. त्यांची सायकल परतताना घेता येईल. हे त्यांना कसं सांगायचं तेवढंच ठरत नव्हतं. मी पेरू निवडत होते आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. "दाबून बघू नका," पेरूवाली म्हणाली. "पेरू आहे तो. नाडी लागणार नाही त्याची."

परत आले तर माझी सायकल पुढचं चाक नसलेली, रिकामा फोर्क जमिनीला टेकवून भिंतीशी वाकलेली होती. माझं चाक जाऊबाईंच्या सायकलला बसलेलं होतं. त्यांनी हेल्मेट घातलं होतं आणि बाटलीतलं पाणी पीत होत्या.

"हे काय?"

"बसवून घेतलं. निघते मी. उशीर होते."

"कुणाला विचारून?"

"तू होती कुठे इथे?"

मी मालकांकडे वळले. "अहो, तुम्ही बसवलंत हे?"

"त्या म्हणाल्या बसवा. बसवलं."

"चाक माझं आहे."

"चाकावर नाव नव्हतं."

"मग आता काढा ते."

"आधी दोघी मिळून काय ते ठरवा, मग सांगा." त्यांनी चष्मा खाली घेतला. "मी सायकली जोडतो. माणसं जोडायचं काम घेत नाही."

त्यानंतर आम्ही भांडलो. घरी आमची भांडणं दाराआडून, टाकीवरून, मुलांच्या तोंडून होत असत. समोरासमोर, पूर्ण आवाजात आम्ही कधीच भांडलो नव्हतो. त्यासाठी आम्हाला एवढ्या लांब, अनोळखी गल्लीत यावं लागलं.

"तू अजून पाच वेळा जाशील," त्या म्हणाल्या. "तुला पगार आहे, सुटी आहे, तुला कोणी अडवत नाही. मी यानंतर कधी निघणार?"

"म्हणून दुसऱ्याची वस्तू काढून घ्यायची?"

"दुसऱ्याची! आईंचं आजारपण कोणी काढलं? तू सकाळी डबा घेऊन ऑफिसला जायची. वरून खाली यायची ती संध्याकाळी, हातपाय धुऊन. मी त्यांचं सगळं केलं, सगळं. त्याबद्दल मी कधी तुला काही मागितलं? बोल ना. आता मागते. हे एक चाक मागते."

"मागितलं नाही तुम्ही. घेतलंत."

सासूबाईंचं त्या म्हणाल्या ते खरं होतं, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. इतकी वर्षं त्यांनी ही गोष्ट तोंडातून काढली नव्हती. घरात वाटण्या झाल्या तेव्हा नाही, मी एकदा वाटेल ते बोलले तेव्हाही नाही. कुठल्यातरी मोठ्या कारणासाठी जपून ठेवावी तशी ठेवली होती, आणि बाहेर काढली ती सायकलच्या चाकासाठी, परक्या माणसांसमोर. आधी विचारलं असतं तर मी चाक दिलं असतं, असं मला कधी कधी वाटतं. पण ते खरं नाही. दिलं नसतं. मला महाडला जायचं होतं. त्यांना जितकं जायचं होतं तितकंच.

मागे एक स्कूटरवाला अडकला होता. "ताई, भांडण जरा कडेला घेता का?" तो म्हणाला. "बाकीच्यांनाही घरी जाऊन भांडायचंय." वरच्या खिडकीत कुणीतरी हसलं.

मी रस्त्यावर उकिडवी बसले आणि त्यांच्या पुढच्या चाकाची कळ उघडली. चाक काढायला, घालायला आम्हाला गटात शिकवलं होतं. जाऊबाईंनी हँडल घट्ट धरलं आणि सायकल खाली दाबून ठेवली. मी चाक ओढलं. त्यांनी अजून जोर लावला. चाक एकदम सुटलं आणि ब्रेकच्या चकतीची कड माझ्या तळहाताला कापून गेली. रक्त आलं. त्यांनी ते पाहिलं. हँडल सोडलं नाही.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. मी तो मुद्दाम स्पीकरवर घेतला.

"झालं का काम?"

"चाक मिळत नाही, मॅडम. एकच सायकल चालण्यासारखी आहे. कुणी यायचं?"

"त्यात विचारण्यासारखं काय आहे? जिची सायकल धड आहे तिने यायचं. दुसरीने स्टेशन गाठायचं. उशीर करू नका, अंधाराच्या आत पोचायला हवं." फोन बंद.

जाऊबाईंचे हात हँडलवरून सुटले. त्यांनी हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते, कोपरावरचं रक्त वाळून काळं झालं होतं.

"घे," त्या म्हणाल्या. "घे बाई तुझं चाक."

मी ते माझ्या सायकलला बसवलं. मालक दोन पावलं पुढे आले, कळ घट्ट बसली का ते बघितलं आणि मागे गेले. माझ्या हाताला त्यांनी एक फडकं दिलं, बऱ्यापैकी स्वच्छ.

"स्टेशनवर कशा जाल?" मी जाऊबाईंना विचारलं.

"तुला काय करायचं?"

पेरूंची पिशवी मी पायरीवर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मी निघाले.

स्वारगेटपासून कात्रजपर्यंत रस्त्यावर मला कुणीच माणूस समजत नव्हतं. एका मोटारीच्या आरशाने माझ्या हँडलला धक्का दिला, वर आतल्या माणसानेच काच खाली करून विचारलं, "मरायचंय का?" मी त्याला जे बोलले ते मी माझ्या आयुष्यात कुणाला बोललेले नाही. त्याने काच वर केली. कात्रजच्या चढावर एरवी मी उतरून ढकलत नेली असती. त्या दिवशी उतरले नाही. रागाने पाय चालत होते. प्रत्येक पायडलबरोबर मी मनात एकेक उत्तर देत होते, त्या गल्लीत मला सुचलं नव्हतं ते.

भोरला पोचले तेव्हा दिवे लागत होते. "त्या गेल्या?" मॅडमनी विचारलं. "गेल्या," मी म्हणाले. मॅडमनी त्यांना फोन लावला, तो बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळीही बंद. भासऱ्यांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, फोन करावा असं एकीने सुचवलं. मी म्हणाले, रेल्वेत असतील, रेंज नसेल. मला भासऱ्यांचा आवाज ऐकायचा नव्हता. वरंधा घाट उतरताना वळणावळणावर माझ्या कापलेल्या हातात ब्रेक दुखत होता. त्या कुठे असतील हा विचार येत होता आणि आला की मी वेग वाढवत होते.

महाडमध्ये शिरलो तेव्हा घोषणा देऊन आमचे घसे बसले होते. तळ्याशी पोचलो आणि पुढची एकदम थांबली म्हणून सगळ्या थांबल्या.

तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊबाई उभ्या होत्या. अंगात तोच गटाचा टी-शर्ट, कोपराला पट्टी, हातात हेल्मेट.

"किती उशीर केला तुम्ही लोकांनी," त्या मॅडमना म्हणाल्या. "मी कालची आली."

स्वारगेटहून त्यांनी एसटी धरली होती. रात्री इथल्याच एका घरी राहिल्या होत्या. ओळख ना पाळख, पण विहारात भेटलेल्या बाई त्यांना जेवायला घेऊन गेल्या होत्या. बायकांनी त्यांना मिठ्या मारल्या. कुणी रडलं. फोटो निघाला तेव्हा त्या मॅडमच्या शेजारी, अगदी मधे उभ्या राहिल्या. मी टोकाला आहे, कुणाच्या तरी खांद्यामागे, अर्धा चेहरा दिसतो.

मी खाली उतरून पाण्यात हात घातला. वर आले तेव्हा त्या शेवटच्या पायरीवर होत्या.

"फोन तरी चालू ठेवायचा," मी म्हणाले.

"तू केला होता?"

मी केला नव्हता. मॅडमनी केला होता.

परतताना पुण्यात कसब्यातून त्यांची सायकल घेतली. नवी रीम पडली होती. मालकांनी चाक एकदा फिरवून दाखवलं. जाऊबाईंनी खाली वाकून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "थोडा आउट आहे."

"नाहीये," मालक म्हणाले.

"आहे."

त्यांनी पुन्हा फिरवलं. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत त्यांनी किल्ली घेतली आणि दोन तारा आवळल्या.

नागपूर स्टेशनवर दोघे भाऊ आले होते. गटातल्या कुणाच्या घरून चाक मोडल्याची बातमी आधीच पोचली होती. भासऱ्यांनी सगळ्यांच्या देखत, इतर बायकांचे नवरे ऐकतील अशा आवाजात हसत विचारलं, "काय मग? पुण्यातच आटोपलं म्हणे? मी म्हणतच होतो, हिचं पुण्याच्या पुढे काही जमत नाही."

जाऊबाई सायकलच्या चेनकडे बघत होत्या. चेन पडलेली नव्हती. त्या नुसत्याच तिच्याकडे बघत होत्या.

"ताई माझ्याआधी पोचल्या महाडला," मी म्हणाले. "एक दिवस आधी. मॅडमना विचारा हवं तर."

भासऱ्यांचं हसणं थांबलं. ते मॅडमकडे वळले. मॅडमनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खरं आहे. आम्ही पोचलो तेव्हा त्या तिथे उभ्या होत्या." पुढे भासऱ्यांनी काही विचारलं नाही.

हे मी का केलं ते मला नीट सांगता येत नाही. माया आली म्हणून नाही. ते हसणं मला सहन झालं नाही, एवढंच. आणि चूक काहीच बोलले नव्हते मी. जाऊबाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. माझा हात कसा आहे हेही त्यांनी विचारलं नाही. पाहुण्यांत मात्र त्या आता तळ्याच्या पायऱ्यांवर गटाची वाट बघितल्याचं सांगतात, पूर्ण रंगवून सांगतात, आणि गोष्टीत एसटी येईल त्या जागी पदर सारखा करतात.

पुढच्या महिन्यात मी मॅडमना सांगून गटाची सकाळची फेरी सोडली. आता मी ऑफिसातून आल्यावर एकटीच तासभर सायकल घेऊन जाते.